रेस्टॉरंट-पबसाठी ऑफर लावायचीय? आधी गल्ल्याचा हिशोब, मग पोस्टर

नवीन जागा उघडली की पहिले दोन-तीन महिने ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे असे सगळे येऊन जातात, आणि मग एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आख्ख्या हॉलमध्ये फक्त स्टाफ दिसतो. त्या संध्याकाळी जवळजवळ प्रत्येक मालकाच्या डोक्यात एकच येतं, ऑफर लावूया. मी गेली काही वर्षं अशा स्वतंत्र, कुठल्याही चेनच्या नसलेल्या रेस्टॉरंट-पबवाल्यांना मेनू आणि हिशोब बसवून द्यायचं काम करतेय, आणि हॉल खचाखच भरलाय पण महिनाअखेरीला भाजीवाल्याचं बिल द्यायला पैसे नाहीत हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी ऑफरचं पोस्टर दाखवलं की मी आधी वही मागते. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितेय, ज्या क्रमाने कामं करायची. ज्यांचं पहिलंच वर्ष आहे त्यांनी तरी क्रम मोडू नका.

स्टेप १: एका प्लेटमागे हातात किती उरतं ते काढा

सगळा मेनू नको, सुरुवातीला सगळ्यात जास्त खपणाऱ्या १०-१२ गोष्टी घ्या. प्रत्येकीत कच्चा माल किती लागतो ते वजन करून लिहा, अंदाजाने नाही, शेफ म्हणेल "साधारण एवढं जातं" पण काट्यावर ठेवलं की वेगळंच निघतं. तेल, गार्निश, सोबत फुकट जाणारी चटणी किंवा सॉस, फेकला जाणारा भाग, सगळं धरा. ड्रिंक्सचंही तसंच, पेग मापाने ओतला जातोय का, बॅरलमधली बिअर फेसात किती जाते, हे बघा.

समजा डिशची किंमत १०० आणि मालाचा खर्च ३०. म्हणजे ७० उरले, त्यातून भाडं, पगार, वीज आणि मग तुम्ही. आता २० टक्के डिस्काउंट दिला की गिऱ्हाईक ८० देतं, माल मात्र ३०चाच लागतो, म्हणजे उरले ५०. आधी १०० प्लेट विकून जे मिळायचं तेवढंच मिळवायला आता १४० प्लेट विकायला लागतील! १० टक्क्यांना ११७, ३० टक्क्यांना १७५, आणि ५० टक्के सूट दिलीत तर ३५०. साडेतीन पट. तुमच्या किचनमधून एका संध्याकाळी साडेतीन पट प्लेट निघतात का, हा प्रश्न पोस्टर छापायच्या आधी विचारायचा असतो.

बाटलीबंद बिअरसारख्या गोष्टीत मालाचाच खर्च निम्मा असेल तर गणित आणखी कडक होतं, तिथे २० टक्के सूट म्हणजे १६७ बाटल्या, आणि अर्ध्या किमतीत दिलीत तर कितीही विका, हातात शून्य. सूत्र सोपंय, आधी जे उरत होतं त्याला आता जे उरणार त्याने भागा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं, पण करतं कोण.

एकावर एक फ्री हे ऐकायला ५० टक्क्यांसारखंच वाटतं पण थोडं वेगळं आहे. दोन प्लेट गेल्या, पैसे १०० आले, माल ६०चा गेला, उरले ४०. दुसरी प्लेट एरवी विकलीच गेली नसती तर ७०च्या जागी ४०. पण दोघंही एरवी आपापली प्लेट घेणारच होते तर १४०च्या जागी ४०. त्यामुळे दोघं येतातच अशा वेळेला, म्हणजे वीकेंडच्या रात्री वगैरे, ही ऑफर चुकूनही लावू नका.

स्टेप २: रिकामी खुर्ची नेमकी कधी असते ते शोधा

आपला धंदा हा खुर्चीचा आणि वेळेचा आहे. आज सात ते आठ रिकामी गेलेली खुर्ची उद्या विकता येत नाही, विमानातल्या सीटसारखंच. कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या शेरिल काइम्स यांनी रेस्टॉरंटसाठी ह्याच विचारावरून एक माप रूढ केलं, दर खुर्चीमागे दर तासाला किती विक्री झाली. काढायला सोपं आहे. ४० खुर्च्या, तीन तास, म्हणजे १२० खुर्ची-तास. शनिवारी आठ ते अकरा विक्री २४,००० झाली तर खुर्ची-तासाला २००. मंगळवारी चार ते सात विक्री ३,००० झाली तर २५. बिलिंग मशीनमधून तासावार रिपोर्ट निघतो, चार आठवड्यांचा काढा आणि वार × तास असा तक्ता भिंतीवर लावा, लाल पेनाने खड्डे रंगवा.

ऑफर फक्त त्या लाल चौकोनांत जाते. भरलेल्या वेळेत नाही. मला हे इतकं महत्त्वाचं वाटतं की बाकी काहीच लक्षात राहिलं नाही तरी चालेल. शनिवारी रात्री रांग लागलेली असताना डिस्काउंट चालू ठेवणं म्हणजे जो पूर्ण पैसे द्यायला दारात उभा आहे त्यालाच मागे लोटणं.

आणि मग कोणीतरी हुशार माणूस सुचवतो की खड्ड्यात कमी करण्यापेक्षा गर्दीत भाव वाढवूया. जपून. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या स्टोनगेट ह्या मोठ्या पब कंपनीने सुमारे ८०० पबमध्ये गर्दीच्या वेळी पिंटमागे (बिअरच्या मोठ्या ग्लासमागे) २० पेन्स वाढवायचं जाहीर केलं, रक्कम तशी किरकोळ, पण लोक चांगलेच भडकले. काइम्स आणि योखेन विर्ट्झ यांनी ग्राहकांना विचारून जे बघितलं त्यातही हेच होतं, तोच फरक "कमी गर्दीच्या वेळेत स्वस्त" असा मांडला तर लोकांना रास्त वाटतो, "गर्दीत महाग" म्हटलं की लुबाडल्यासारखं वाटतं. म्हणून मेनूवरचा भाव हाच पूर्ण भाव ठेवा आणि रिकाम्या वेळेला सवलत द्या. मात्र त्यासाठी आधी मेनूचा भाव फुगवून मग त्यावर सूट दाखवू नका, रोज येणाऱ्याला कालचा भाव पाठ असतो, तो बोलणार नाही, फक्त येणं बंद करेल.

स्टेप ३: कोणासाठी आणि कशासाठी, एका ओळीत लिहा

"सेल वाढवायचा" हे कारण नाही. पहिल्यांदा येणारे हवेत? एकदा येऊन गेलेले दोन महिने फिरकले नाहीत ते परत हवेत? आलेल्यांनी अजून एक गोष्ट मागवायला हवी? की संध्याकाळी लवकर यायला हवेत? चौघांची औषधं वेगळी. एकच ऑफर चारही करेल म्हणून लावली की ती बहुतेक वेळा पाचव्यालाच पोचते, म्हणजे तुमच्या रोजच्या गिऱ्हाइकाला, जो एरवीही येणारच होता.

स्टेप ४: सूट द्यायच्या आधी दुसरं काय देता येतं बघा

इथे खरी गंमत आहे आणि इथेच वेळ घालवा.

टेबलाचं बिल ५०० झालं. २० टक्के सूट दिलीत, तुमचे १०० गेले, रोख गेले. त्याऐवजी १०० किमतीचं डेझर्ट फुकट दिलंत, त्याचा माल समजा २५, तर तुमचे २५ गेले आणि गिऱ्हाइकाला मिळालं १००चंच. वर त्याच्या समोर काहीतरी येऊन ठेवलं गेलं, शेफने पाठवलंय म्हणून वेटर दोन शब्द बोलला, ते लक्षात राहतं. बिलातली सूट घरी पोचेपर्यंत विसरायला होतं. त्यामुळे माझा कल नेहमी काहीतरी जास्त देण्याकडे असतो, भाव कमी करण्याकडे नाही. भाव एकदा पाडला की परत चढवताना त्रास होतो, फुकटची गोष्ट मात्र बदलता येते, थांबवता येते.

कॉम्बो आणि सेट मेनू पण चांगले, कारण त्यात कोणती डिश जाणार हे तुम्ही ठरवता. कोणती घालायची ह्यासाठी मेनू इंजिनिअरिंग म्हणून एक जुनी पद्धत आहे, १९८२ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मायकल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी मांडलेली, आणि ती अजूनही वहीवर करता येते. प्रत्येक डिश किती खपते आणि प्रत्येक प्लेटमागे किती उरतं हे दोन आकडे घ्या. खपाची हद्द अशी काढतात, २० डिश असतील तर प्रत्येकीचा सरासरी वाटा ५ टक्के, त्याचे ७० टक्के म्हणजे साडेतीन. त्याच्यावर विक्री असेल तर खपणारी, खाली असेल तर न खपणारी. नफ्याच्या बाजूला सगळ्यांची सरासरी काढून वर-खाली करा. झाले चार कप्पे.

खपते आणि उरतंही भरपूर, तिला हात लावू नका, तिच्यावर सूट म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. खपते पण उरतं कमी, तिला सेटमध्ये एखाद्या जास्त नफ्याच्या ड्रिंकसोबत बांधा किंवा पोर्शन नीट बघा. उरतं भरपूर पण खपत नाही, ऑफरची खरी उमेदवार ही! नाव बदला, वेटरला चाखायला द्या, छोटा पोर्शन चवीला फिरवा, कॉम्बोत घाला. आणि खपतही नाही आणि उरतही नाही ती मेनूतून काढा, मालकाच्या घरची आवडती असली तरी.

"अनलिमिटेड" शब्दापासून मात्र लांब राहा. अमेरिकेतल्या रेड लॉब्स्टरने २०२३ मध्ये २० डॉलरमध्ये हवी तेवढी कोळंबी ही ऑफर कायमची करून टाकली, लोक आले, तासन्‌तास बसले, तोटा लाखो डॉलरचा झाला आणि मे २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली. भाडेकरार, मालकी अशी इतर कारणं होतीच, पण एवढ्या मोठ्या चेनला जे झेपलं नाही ते एका किचनच्या जागेला कसं झेपेल.

स्टेप ५: ड्रिंक्सची ऑफर असेल तर आधी कायदा वाचा

पबवाल्यांनो, ही पायरी टाळू नका. दारूच्या ऑफरचे नियम जागोजागी वेगळे असतात आणि चांगले कडक असतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८४ मध्येच हॅपी अवर (ठराविक वेळेपुरती स्वस्त दारू) बंद केला, आयर्लंडमध्ये दिवसातल्या ठराविक वेळेपुरता भाव कमी करायला २००३ पासून बंदी आहे, स्कॉटलंडमध्ये एकदा लावलेला दारूचा भाव किमान ७२ तास बदलता येत नाही. तुमच्याकडे वेळ, भाव, जाहिरात, वय ह्यावर काय लिहिलंय ते परवाना देणाऱ्या ऑफिसातून लेखी समजून घ्या, दुसरा पबवाला करतोय म्हणून चालतं असं धरू नका, परवाना तुमचा जाणार आहे.

कायदा परवानगी देत असला तरीही जास्त प्या-जास्त वाचवा असली ऑफर मला मनापासून चुकीची वाटते. लवकर पिऊन संपवायचं बक्षीस, एका तासात हवी तेवढी, हे नकोच, भांडणं होतात, बाकीची टेबलं उठून जातात आणि कोणीतरी तशाच अवस्थेत गाडी चालवत घरी जातो. त्यापेक्षा ड्रिंकसोबत खाणं जोडा, बिनदारूच्या ड्रिंक्सना ऑफरमध्ये बरोबरीची जागा द्या (त्यात उरतंही चांगलं), क्विझ, लाइव्ह गाणं, बोर्ड गेम्सची रात्र अशी काहीतरी यायची कारणं तयार करा. क्विझच्या रात्री मंगळवार भरलेला मी बघितलाय, भाव एक पैसा कमी न करता.

स्टेप ६: ऑफर कागदावर बांधा, वेटरला तोंडपाठ करा

वार, वेळ, सुरू आणि बंद व्हायची तारीख, कुठल्या गोष्टींवर, एका टेबलाला किती वेळा, दुसऱ्या ऑफरसोबत चालेल का, पार्सलला चालेल का. एवढं एका चिठ्ठीत बसलं पाहिजे. बसत नसेल तर ऑफर गुंतागुंतीची झालीय, वेटर चुकणार आणि बिलाच्या वेळी वाद होणार. बिलिंग मशीनमध्ये ऑफरचं वेगळं बटण किंवा कोड टाका, नाहीतर नंतर मोजणार काय?

एका ओळखीच्या जागेत सोमवार ते गुरुवारची ऑफर लावली होती, पोस्टरवर वार लिहायचे राहिले, शुक्रवारी रात्री सहा टेबलांनी मागितली आणि कॅप्टन बिचारा प्रत्येक टेबलावर माफी मागत फिरला. शेवटी मालकाने दिली ती सगळ्यांना, बरोबरच केलं. चूक छापणाऱ्याची असली तरी गिऱ्हाइकाला त्याच्याशी काय देणंघेणं.

सुरू व्हायच्या आदल्या दिवशी स्टाफला जेवायला बसवून ऑफरमधलीच डिश खायला घाला, प्रश्न विचारा. स्टाफला पटलेली ऑफर निम्मी विकली गेलेली असते.

स्टेप ७: सांगायचं कुठे

पैसे खर्च करायच्या आधी फुकटातल्या गोष्टी नीट करा. मॅपवरचं तुमचं पान उघडा, वेळा बरोबर आहेत का, फोन लागतो का, मेनूचे फोटो जुन्या भावाचे तर नाहीत ना. मी जेव्हा कुठल्या नवीन जागेसाठी काम सुरू करते तेव्हा पहिला तास ह्यातच जातो.

रिव्ह्यूचं म्हणाल तर हार्वर्डच्या मायकल लुका यांनी २०११ मध्ये सिएटलच्या रेस्टॉरंटचे आकडे तपासले होते, येल्प ह्या रिव्ह्यूच्या साइटवर एक स्टार वाढला तर विक्री ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असं निघालं, आणि तो परिणाम स्वतंत्र रेस्टॉरंटवरच होता, चेनवर नाही. साहजिक आहे, चेनमध्ये काय मिळणार हे लोकांना आधीच माहीत असतं, आपल्याबद्दल नसतं. म्हणून प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्या, वाईटाला आधी, शांतपणे, दोन-तीन ओळींत. पण रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, बऱ्याच साइटच्या नियमात ते बसत नाही आणि वाचणाऱ्याला वासही येतो.

मग तुमची स्वतःची यादी. आलेल्याला विचारून, त्याची परवानगी घेऊन नंबर घ्या आणि महिन्याला एक किंवा दोन मेसेज, त्याहून जास्त नको. रोज मेसेज आला की लोक म्यूट करतात आणि मग तुमची चांगली बातमीही पोचत नाही.

डिलिव्हरी ॲपवरच्या ऑफरचं गणित वेगळं मांडा. १०० ची डिश, २० टक्के सूट तुमच्या खिशातून, राहिले ८०, त्यावर कमिशन समजा २५ टक्के म्हणजे २०, माल ३०, पॅकिंग ५. उरले २५. हॉलमध्ये तीच डिश ७० देते. ॲप बंद करा म्हणत नाही, नवीन माणसाला तुमची चव तिथूनच कळते कधीकधी, पण त्या डब्यात एक चिठ्ठी घाला की पुढच्या वेळी इथे येऊन बसा, आमच्याकडून स्टार्टर.

आगाऊ कूपन विकणाऱ्या साइटबद्दलही हेच. अर्ध्या किमतीत कूपन आणि त्यातलाही मोठा हिस्सा साइटचा, म्हणजे हातात बऱ्याचदा मूळ किमतीचा चौथा भाग येतो. राइस युनिव्हर्सिटीच्या उत्पल ढोलकियांनी २०१० मध्ये ग्रुपॉनवर ऑफर दिलेल्या १५० धंद्यांना विचारलं तेव्हा ६६ टक्क्यांना फायदा झाला होता आणि ३२ टक्क्यांना नाही, त्यात रेस्टॉरंटवाल्यांची गत सगळ्यात वाईट होती.

स्टेप ८: परत यायचं कारण द्या

शिक्क्यांचं कार्ड अजूनही चालतं, मोबाईलवरचं असो की कागदाचं. जोसेफ न्यून्स आणि झेव्हियर द्रेझ यांचा २००६ चा एक प्रयोग मला फार आवडतो. गाडी धुवायच्या सेंटरवर ३०० कार्डं वाटली, निम्म्यांना ८ शिक्क्यांचं कोरं कार्ड, निम्म्यांना १० चं पण त्यात २ आधीच मारलेले. दोघांनाही धुवायच्या होत्या आठच वेळा. पहिल्यातल्या १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यातल्या ३४ टक्क्यांनी. तुमच्या कार्डवर पहिल्याच भेटीत दोन शिक्के मारून द्या, खर्च काहीच नाही. आणि बक्षीस फार लांब ठेवू नका, महिन्यातून एकदा येणाऱ्याला दहावी भेट म्हणजे जवळजवळ वर्ष झालं.

स्टेप ९: मोजा, आणि बरोबर दिवसाशी तुलना करा

मंगळवारची तुलना मंगळवारशी, मागच्या चार मंगळवारांच्या सरासरीशी. सणाचा, पावसाचा, मॅचचा दिवस असेल तर वहीत तसं लिहा. एक उदाहरण घ्या. मंगळवारी एरवी ३० माणसं, प्रत्येकामागे माल वजा जाता ३०० उरतात, म्हणजे ९,०००. ऑफरमध्ये ४५ आली, प्रत्येकामागे २३० उरले, १०,३५०. वाढले १,३५०. जाहिरातीचे ८०० आणि एका जादा हेल्परचे ६०० काढले की ५० चा तोटा! दीडपट गर्दी, स्टाफ दमलेला, मालक खूश, आणि गल्ला आधीपेक्षा कमी. हे फक्त वहीत दिसतं, हॉलमध्ये उभं राहून दिसत नाही.

तरीही एक गोष्ट बघायची, त्या ४५ मधले नवीन किती होते आणि त्यातले पुढच्या महिन्यात पूर्ण भावात किती परत आले. पाच-सहा जरी नियमित झाले तर त्या ५० ची मला अजिबात खंत नाही. कोणीच आलं नाही तर ऑफर बदला. चार आठवडे पुरेत कळायला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, वार, वेळ आणि डिश तिन्ही एकदम बदलले तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

स्टेप १०: बंद कशी करायची

ह्यावर कोणी बोलत नाही. शेवटची तारीख पहिल्या दिवसापासून पोस्टरवर असू द्या, म्हणजे बंद झाली की कोणाला फसवल्यासारखं वाटत नाही. शेवटच्या आठवड्यात वेटरने बिल देताना सांगायचं, "हा आठवडा शेवटचा, पुढच्या महिन्यात क्विझची रात्र सुरू करतोय, याल ना?" तारीख उलटल्यावर दोन-चार दिवस कोणी जुना मेसेज घेऊन आला तर वाद न घालता द्या आणि बटणाखाली वेगळं नोंदवा. पोस्टर मात्र त्याच रात्री, शटर ओढायच्या आधी काढा, मॅपवरच्या पानावरून आणि ॲपवरूनही, आणि कोणी काढायचं त्याचं नाव त्या चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवा.